घोडदळाची चिन्हे मुलांना समजावून सांगावीत

मा. संपादक,

सोलापूरच्या गणवेश व्यवसायात मी अनेक वर्षे बिल्ल्यांचे भरतकाम करीत आहे. मागील महिन्यात एका शाळेने घोडदळाच्या बिल्ल्यावरून उचललेली कवटी, खालचे ब्रीद गाळून, भरून मागितली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

हे चिन्ह ब्रिटिशांच्या सतराव्या लान्सर्सचे, म्हणजे भालाईत घोडदळाचे. ब्रिटिश सेनानी जनरल वुल्फ १७५९ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे धारातीर्थी पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या या पलटणीने कवटी व दोन हाडांखाली ‘ऑर ग्लोरी’ (किंवा कीर्ती) एवढेच शब्द लिहिले. ‘मृत्यू’ हा शब्द कवटीनेच उच्चारायचा, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे ब्रीद काढले की चिन्हाचे अर्धे वाक्यच उरते.

आपल्या जवळचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १८१७ मध्ये उभारलेल्या पूना हॉर्स या आपल्या लष्करातील घोडदळ रेजिमेंटच्या निशाणावर चांदीचा पंजा आहे. तो १८५७ च्या खुशाबच्या लढाईत इराणी सैन्याकडून जिंकलेला असून, ईश्वराचा हात सर्वांच्या हातांवर आहे, अशा अर्थाची अक्षरे त्यावर कोरलेली आहेत. याच रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल १९७१ च्या बसंतरच्या लढाईत रणगाड्यात लढताना हुतात्मा झाले व परमवीरचक्राचे मानकरी ठरले. घोडे गेले, पंजा राहिला.

शाळांनी सहली अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात न्याव्यात आणि आपल्या दैनिकाने अशा चिन्हांवर एखादी लेखमाला चालवावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर