‘चायनीज’ आणि चिनी खानावळ

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी निघालेल्या ज्येष्ठ नागरिकांना सल्ला देणारा जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातील औषधे, विमा आणि सामानाचे वजन यांविषयीच्या सूचना उपयुक्त होत्या, याबद्दल प्रथम आभार. मात्र खाण्यापिण्याच्या परिच्छेदात, अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांच्या वाटेला शाकाहारी माणसाने जाऊच नये, तेथे अजिनोमोटो, तेल आणि ‘काय घातले असेल कोण जाणे’ असा मामला असतो, असे जे सरसकट विधान केले आहे, ते माझ्या अनुभवाशी जुळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी साताऱ्यात चौतीस वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात साडेपाच महिने राहिले आणि त्या काळात घराबाहेर सर्वाधिक वेळा जेवले असेन, तर ते त्याच भागातील फ्लशिंग या वस्तीतल्या एका चिनी खानावळीत. मी अंडे खाते, मांस-मासे खात नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

खानावळ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ‘रेस्टॉरंट’ म्हटले की जे डोळ्यांसमोर येते, म्हणजे मंद दिवे, लाल कंदील आणि भिंतीवर ड्रॅगन, त्यांपैकी तेथे काहीही नव्हते. सात टेबले, पुसून पुसून रंग गेलेले त्यांचे पृष्ठभाग, कोपऱ्यात चहाचा थर्मास, भिंतीवर चिकटवलेली पदार्थांची छायाचित्रे आणि काउंटरवर ‘फक्त रोख’ अशी पाटी, एवढाच काय तो थाट. डझनभर डंपलिंग (म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून उकळलेल्या लहान करंज्या) किंवा भला मोठा वाडगा भरून नूडल्स दहा डॉलरच्या आसपास मिळत आणि त्यावर शहराचा 8.875 टक्के कर लागे. मॅनहॅटनमध्ये जावयाने कौतुकाने नेलेल्या ठिकाणी त्याच पैशांत नुसते सूप आले होते, ते पाहता हा दर स्वस्तच म्हटला पाहिजे.

फ्लशिंग हे 7 क्रमांकाच्या रेल्वेमार्गाचे शेवटचे स्थानक. तेथून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर बाउन स्ट्रीटवर 1977 साली प्रतिष्ठापना झालेले गणपतीचे मंदिर आहे. आपल्याकडून जाणारी बहुतेक मराठी मंडळी त्या मंदिरात जातात, तळघरातील कँटीनमध्ये डोसा खातात आणि मेन स्ट्रीटवरील चिनी पाट्यांकडे न पाहता परत गाडीत बसतात. पहिले दोन महिने मीही तेच केले. वास्तविक ज्या 1965 च्या कायद्याने अमेरिकेची जुनी देशवार कोट्याची पद्धत मोडीत काढली, त्याच कायद्यामुळे आपले अभियंते आणि डॉक्टर तिकडे जाऊ शकले, आणि त्याच दाराने तैवानचे व नंतर मुख्य चीनचे लोकही आले. फ्लशिंगमध्ये 1970 नंतरच्या काळात तैवानी कुटुंबे स्थिरावली आणि पुढे चीनच्या ईशान्येकडील, म्हणजे गहू पिकणाऱ्या आणि कडाक्याची थंडी पडणाऱ्या प्रांतांतील माणसे आली. भाताऐवजी कणीक मळणारे हे लोक असल्यामुळे त्यांच्या खानावळीत नूडल्स आणि डंपलिंग यांचे राज्य असते.

आत शिरल्यावर पहिले लक्ष गेले ते काचेपलीकडे नूडल्स ओढणाऱ्या मुलाकडे. कणकेत आपल्या पापडखाराच्या जातीचा एक खार घालतात, त्यामुळे ती ताणली तरी तुटत नाही. (वायव्य चीनमध्ये पूर्वी हा खार एका रानझुडपाची राख करून काढीत.) त्याने कणकेचा जाड दोर दोन हातांत धरून ताणला, दोन्ही टोके एका हातात घेतली, मधला पिळ दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवला आणि पुन्हा ताणला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. मी आपली मनातल्या मनात मोजत होते. आठव्या घडीला 256 धागे झाले आणि तो सबंध झुबका त्याने उकळत्या पाण्यात टाकला. या सगळ्याला मिनिटही लागले नसेल. घातांक शिकवताना मी आयुष्यभर बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट सांगत आले, पण त्याऐवजी हा मुलगा वर्गात उभा करायला हवा होता.

डंपलिंगचे काम खिडकीशेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक बाई करीत असे. काउंटरवरची मुलगी तिला ‘आयी’ अशी हाक मारी, तेव्हा मी दचकून मागे पाहिले होते. चिनी भाषेत मावशी-काकू वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात, हे नंतर कळले. मैदा गार पाण्यात भिजवून, झाकून मुरवून, त्याची लांब वळी करून लाट्या तोडायच्या आणि बोटाएवढ्या जाड, लहानशा लाटण्याने पारी लाटायची. उजवा हात लाटणे फिरवीत असताना डावा हात पारी थोडी थोडी वळवीत राहतो, त्यामुळे पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ होते. ज्याने मोदक केले आहेत त्याला यामागचे कारण सांगावे लागत नाही. सारण भरून कडा मिटताना ती ज्या पद्धतीने चिमटे घेई, ती आमच्या आईची करंजीला मुरड घालण्याचीच पद्धत, फक्त वेग चौपट. उकळताना पाणी वर आले की वाटीभर गार पाणी ओतायचे, असे तीन वेळा. त्यामुळे पारी फुटत नाही आणि सारण आतपर्यंत शिजते. ज्या पाण्यात डंपलिंग शिजले, तेच पिठूळ पाणी शेवटी वाडग्यातून पिण्यास देतात, चवीला थेट मीठ न घातलेली पेज.

सारणाचे प्रकार भिंतीवर अकरा होते आणि त्यांपैकी तीन माझ्या उपयोगाचे. लसणीच्या पातीसारख्या दिसणाऱ्या हिरव्या पातीचे अंडे घालून केलेले सारण हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मला मात्र बडीशेपेच्या कोवळ्या पाल्याचे अधिक आवडले, कारण त्याचा वास आपल्या शेपूच्या अगदी शेजारचा आहे. (शेपू न आवडणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.) सोबत वाटीत काळसर व्हिनेगर येते. शान्शी प्रांतातील व्हिनेगर मुख्यतः ज्वारीपासून करतात, हे कळल्यावर भाकरीखेरीज ज्वारीचा काही उपयोग असू शकतो यावर माझा विश्वास बसण्यास थोडा वेळ लागला. डंपलिंगखेरीज टोमॅटो आणि अंडे परतून घातलेल्या नूडल्स, काकडी ठेचून लसूण व व्हिनेगर लावलेली कोशिंबीर, आणि बटाटा, वांगे व भोपळी मिरची तळून एकत्र परतलेली भाजी असे पदार्थ होते. या शेवटच्या पदार्थाचे चिनी नाव ‘जमिनीवरची तीन ताजी रत्ने’ अशा अर्थाचे आहे. आपल्याकडे त्याला नुसती ‘मिक्स भाजी’ म्हणाले असते.

लेखकाची शंका सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. नूडल्सचे सूप बहुधा हाडे उकळूनच केलेले असते. भाजीच्या नावाखाली येणाऱ्या पदार्थात कालवांचा सॉस असू शकतो आणि अंड्याच्या सारणात क्वचित वाळवलेला जवळा घालतात, हे मी विचारल्यावरच मला समजले. शिवाय सर्व डंपलिंग एकाच पातेल्यात शिजतात, तेव्हा ज्यांना तेवढाही स्पर्श चालत नाही त्यांनी तेथे न जेवणेच योग्य. परंतु यावर उपाय ‘जाऊ नका’ हा नसून ‘विचारा’ हा आहे. चिनी भाषेत शाकाहाराला ‘सू’ असा सुटसुटीत शब्द आहे आणि चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी लोक कांदा-लसूणही वर्ज्य करतात. तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या माणसाचे म्हणणे त्यांना समजावयास आपल्या समजुतीपेक्षा कमी कष्ट पडतात. माझी अडचण झाली ती आकड्यांत. सहा डंपलिंग हवेत म्हणून मी एका हाताची पाच बोटे आणि दुसऱ्या हाताचे एक दाखवले, तेव्हा त्या बाईने हसून अंगठा आणि करंगळी तेवढी ताठ ठेवून मूठ पुढे केली. चिनी लोक एकाच हातावर दहापर्यंत मोजतात आणि त्यांत सहाची खूण ती अशी. निवृत्त गणित शिक्षिकेला मोजणे नव्याने शिकावे लागले.

अजिनोमोटोविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे तो शब्द विषासारखा उच्चारला जातो. चिनी जेवणाने मान जड होते, छाती धडधडते, ही अमेरिकेतील समजूत पसरली तीदेखील 1968 साली तेथील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना आलेल्या एका पत्रावरून! (संपादकांना पत्र लिहिणाऱ्यांनी किती जपून लिहावे, हे त्यावरून दिसते.) नंतरच्या प्रयोगांत नेहमीच्या प्रमाणात तसा ठाम परिणाम आढळला नाही आणि अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन त्याची गणना सर्वसाधारणपणे सुरक्षित पदार्थांत करते. स्वच्छतेचे म्हणाल, तर 2010 पासून न्यूयॉर्क शहरात प्रत्येक उपाहारगृहाला आरोग्य खात्याच्या तपासणीची ए, बी किंवा सी ही श्रेणी दर्शनी भागात लावावी लागते. ते अक्षर वाचण्यास चिनी भाषा येण्याची गरज नाही.

मूळ गोंधळ मला ‘चायनीज’ या एका शब्दाचा वाटतो. आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर जे मिळते, त्याची मी निंदा करीत नाही. माझा नातू त्यावर जीव टाकतो. पण मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये 1975 साली नेल्सन वाँग यांनी आले, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर यांतून जे चिकन मंच्युरियन घडवले, ते मुंबईचे अपत्य आहे, आणि मंचुरियाच्या, म्हणजे नेमक्या त्याच ईशान्य चीनच्या, खानावळीतल्या त्या डंपलिंगवाल्या बाईने ते नाव कधी ऐकलेही नव्हते. गाडीवरील शेजवान राइस खाऊन चिनी घरचे जेवण कसे असते हे ठरवणे, म्हणजे परदेशातील ‘करी पावडर’ चाखून आपल्या आमटीविषयी मत देण्यासारखे आहे.

एक शेवटची गोष्ट. मी बाळंतपणाला आले आहे हे काउंटरवरच्या मुलीच्या मदतीने कळल्यावर त्या बाईने पहिला प्रश्न विचारला, तो बाळंतिणीला महिनाभर गार पाण्याला हात लावू दिला नाहीस ना, असा. नंतर तिने कागदाच्या पुडीत आले आणि गुळासारखी लालसर साखर बांधून दिली आणि उकळून पाजायला सांगितले. तिच्या देशातही बाळंतीण महिनाभर उबेत बसवतात. लेकीने ते पाणी न कुरकुरता प्यायले, जे मी दिलेल्या काढ्याच्या बाबतीत एकदाही घडले नव्हते.

तरी पुरवणीच्या पुढील अंकात जागा असल्यास, त्या परिच्छेदातील ‘चिनी उपाहारगृहे टाळावीत’ या वाक्याऐवजी ‘सूप, सॉस आणि सारण यांविषयी विचारून घ्यावे’ एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. न्यूयॉर्कला जाणाऱ्या वाचकांसाठी ‘खानावळीत रोख पैसे न्यावेत आणि दुपारी बाराच्या आत पोहोचावे, नंतर जागा मिळत नाही’ हेही जोडल्यास हरकत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा