कुलूप कोणाचे, ते तरी सांगा

संपादक महोदय,

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या फोनबद्दल पुष्कळ येते. ज्या डॉक्युमेंटेशनच्या (वापराची माहिती देणाऱ्या पानांच्या) भरवशावर सॉफ्टवेअर लिहिले जाते, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

एका ग्रंथालयाच्या देवघेवीचा प्रोग्राम मी लिहिला आहे. डेटाबेस एसक्यूलाइट या सॉफ्टवेअरचा, 2010 साली त्यात आलेल्या 'वॉल' पद्धतीवर चालणारा, म्हणजे नव्या नोंदी आधी शेजारच्या फाइलीत लिहून मग मुख्य फाइलीत नेणारा. एकाच संगणकावर एक प्रोग्राम नोंदी करतो, दुसरा अहवाल काढतो. अहवाल अधूनमधून 'डेटाबेस इज लॉक्ड', म्हणजे डेटाबेसला कुलूप आहे, म्हणून बंद पडायचा. माझा प्रोग्राम एसक्यूलाइटशी ज्याच्यामार्फत बोलतो, त्या इंटरफेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये यावर एकच ओळ: डेटाबेस लॉक असल्यास किती सेकंद वाट पाहायची, ते टाइमआउटमध्ये द्या. मी 30 दिले, मग 60. एरर तरीही क्षणात यायची. तीन दिवस मी आकडेच बदलत होते.

कारण निराळेच निघाले. माझा अहवाल आधी वाचायचा आणि त्याच ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पार पडणाऱ्या कामांच्या गटाच्या) शेवटी एक नोंद लिहायचा. मधल्या वेळात दुसऱ्या प्रोग्रामने काही लिहिले, की माझे वाचन शिळे झाले. मग कितीही थांबले तरी ते ताजे होणार नसते. म्हणून एसक्यूलाइट वाट न पाहता तिथल्या तिथे नकार देते. ट्रान्झॅक्शन 'बिगिन इमिजिएट'ने सुरू केले, म्हणजे लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच मागितला, की टाइमआउट पाळला जातो. एका ओळीचा बदल!

एसक्यूलाइटच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे नीट लिहिलेले आहे. एररचा कोड 5 म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या दुसऱ्या कनेक्शनने अडवले. कोड 6 म्हणजे अडचण आपल्याच कनेक्शनमध्ये, किंवा कॅश (मेमरीतली तात्पुरती साठवण) वाटून घेणाऱ्या कनेक्शनांमध्ये. माझ्या इंटरफेसने मात्र दोन्ही एकाच एररमध्ये कोंबले आणि कोडही पुढे दिला नाही. कुलूप कोणी लावले हेच कळेना, तर किल्ली कुठे शोधायची?

मला खरी काळजी आहे ती नवशिक्यांची. पान गप्प राहिले, की माणूस ऐकीव उपायांकडे वळतो. मलाही एकाने सांगितले होते, 'डेटाबेसशेजारची ती वॉल फाइल पुसून टाक, लॉक जाईल.' कमिट म्हणजे पक्क्या झालेल्या, पण मुख्य फाइलीत अजून न पोहोचलेल्या नोंदी त्याच फाइलीत असतात. ती पुसली असती, तर वाचकांनी परत केलेली पुस्तके पुन्हा त्यांच्याच नावावर दिसली असती.

इंटरफेस लिहिणाऱ्यांना मी चार वाक्ये पाठवली आहेत: टाइमआउट कधी लागू होत नाही, अशा वेळी रोलबॅक करून (अर्धवट काम मागे घेऊन) ट्रान्झॅक्शन पुन्हा कसे सुरू करायचे, कोड कुठे पाहायचा आणि कोणत्या फाइलीला हात लावायचा नाही. आपले पुष्कळ वाचक या व्यवसायात आहेत. त्यांनीही आपण वापरतो त्या इंटरफेसच्या डॉक्युमेंटेशनमधले एररचे पान एकदा उघडून वाचावे आणि जिथे स्वतः अडले होते, तिथे दोन ओळींची भर घालावी.

– एक प्रोग्रामर वाचक