आवाज पुढे घे

सोलापूर,
रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गड्ड्याच्या यात्रेला आलास, दोन दिवस राहिलास आणि जुन्या गायकाच्या जागी तू गायलेल्या तुमच्या बँडच्या अल्बमचा विषय निघाला की उठून गच्चीवर जात राहिलास. आईला वाटलं पैशाची काही अडचण असेल. मला कारण माहीत होतं, कारण त्या अल्बमवर आलेली दोन्ही परीक्षणं ताईने मला आधीच वाचून दाखवली होती. तेव्हा बोललो नाही. आधी अल्बम नीट ऐकायचा होता. आता चार वेळा ऐकून झालाय, त्यात दोनदा हेडफोन लावून.

दोन्ही परीक्षणं तू एकाच तागडीत घातलीस, तिथे तुझं चुकतंय. पहिल्याने लिहिलंय की जुना गायक गेला आणि बँडमधली धग गेली. तो माणूस गेलेल्याची आठवण काढतोय, काढू दे. मलाही त्याचा आवाज आवडायचा. पण ते वाक्य वाचून उद्या सकाळी काय दुरुस्त करायचं हे तुला कळणार आहे का? दुसऱ्याने लिहिलंय की आवाज गिटारच्या मागे दडलाय, शब्द पोचत नाहीत. हे तुला जास्त लागलं असणार. आणि बाळा, ते खरं आहे.

नवी पेठेत आपलं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, तू जन्मायच्या आधी बंद झालं. इंजिनिअरिंगची पोरं कुठून कुठून इंग्लिश कॅसेट आणायची आणि प्रत करून मागायची. एकाने मेटॅलिका या अमेरिकन बँडचा '…अँड जस्टिस फॉर ऑल' आणला. पासष्ट मिनिटांचा अल्बम, साठच्या कॅसेटमध्ये मावेना, नव्वदची घेतली. भरताना ऐकतो तर बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐकूच येत नाही. ड्रम टकटक वाजतायत, गिटार करवतीसारखी चालतेय, आणि खाली सगळं पोकळ. मला वाटलं डेकचं हेड खराब झालंय. स्पिरिटचा बोळा फिरवला, स्क्रू फिरवून हेडचा कोन बघितला, दुसऱ्या डेकवर लावलं. तेच. संध्याकाळी पोरगा आला तेव्हा मी त्याचे पैसे परत करायला निघालो होतो. तो म्हणाला, "राहू द्या ओ काका, मूळ कॅसेटच अशी हाय."

त्यामागची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली. त्यांचा बासवाला क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि १९८८ मध्ये हा त्याचा त्यांच्याबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम निघाला. मिक्सिंग करणाऱ्यांनी, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ऐकू यावं ते जुळवणाऱ्यांनी, पुढे सांगितलं की बास खाली घ्या असं बँडमधूनच सांगितलं गेलं होतं. गाण्यांची वाहवा झाली, अल्बम खूप खपला, पण बास कुठे गेला हा प्रश्न आजही कुणी सोडलेला नाही. न्यूस्टेडने वाजवलं नव्हतं असं नाही. वाजवलेलं ऐकूच येऊ दिलं नाही.

तुझ्या अल्बममध्ये तुझा आवाज असा खाली कुणी घेतला? मला वाटतं तूच. मिक्सिंगला तू बसला होतास हे तूच मला सांगितलंस. जुन्या गायकाशी कुणी ताडून बघू नये म्हणून स्वतःला गिटारच्या आड उभं केलंस. असं करायचं काही कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट पट्टीची. चौथं गाणं तू त्याच्या पट्टीत गायलायस. अंतऱ्यात वर जाताना घसा आवळला जातो, दोन ठिकाणी सूर लागतच नाही. आयर्न मेडन या इंग्लंडच्या बँडमध्ये ब्लेझ बेलीचं असंच झालं. आधीचा गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ ला बाहेर पडला, त्याच्या जागी हा आला. याचा आवाज जड आणि खालचा, आणि मंचावर म्हणायची डिकिन्सनची उंच गाणी. १९९५ चा आणि १९९८ चा असे दोन अल्बम केले, दोन्हींवर टीका झाली, आणि १९९९ ला डिकिन्सन परत आला. बेली वाईट गायक होता असं मी म्हणणार नाही. त्या १९९५ च्या अल्बममधली संथ, काळोखी गाणी त्याच्या आवाजाला शोभतात. आपल्या शुक्रवारच्या भजनात बुवा गेले तेव्हा मीही सहा महिने त्यांच्या काळी चारच्या उंच पट्टीत ओरडत होतो. मग काळी दोनवर उतरलो. पखवाज उतरवून घ्यावा लागला, एक-दोघं कुरकुरले, पण अभंगाचे शब्द नीट पोचायला लागले. तुम्हीही गिटार खालच्या पट्टीत लावा.

आणि एकाची जागा एकानेच भरायची असं कुणी सांगितलंय? दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचे असीम चक्रवर्ती तबला वाजवत वाजवत गायचे. २५ डिसेंबर २००९ ला ते गेले. त्यांच्या मागे गाण्याला हिमांशु जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती, असे दोघं लागले. तू रिदम गिटारही सांभाळतोस आणि गातोसही. कठीण गाण्यांत गिटार दुसऱ्याच्या हातात दे आणि माइकसमोर मोकळा उभा राहा.

अल्बम बाहेर पडला म्हणजे आता हात लावता येत नाही, असं फोनवर म्हणालास. पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या बँडमधून त्यांचा बासवाला आणि गीतकार रॉजर वॉटर्स बाहेर पडल्यावर १९८७ मध्ये 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' आला. इंग्लंड-अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पण वॉटर्सनेच त्याला नक्कल म्हटलं. त्यात ड्रमवाला निक मेसन आणि कीबोर्डवाला रिक राइट फारच थोडे ऐकू येतात, ही तक्रार मात्र रास्त होती. २०१९ मध्ये त्यांनी तोच अल्बम नव्याने मिक्स केला, मेसनचे ड्रम नव्याने वाजवून घेतले, राइटची वाजवणी परत आणली. बत्तीस वर्षांनी. तुला तर अजून तीन महिनेही झाले नाहीत.

सहावं गाणं मात्र तसंच ठेव. शेवटी गिटार थांबते आणि तू एकटाच गातोस, तिथे मी हेडफोन काढून आईला दिला. ती काही बोलली नाही, गाणं संपल्यावर परत लाव म्हणाली.

चौथं गाणं दोन पट्ट्या खाली गाऊन नुसता आवाज रेकॉर्ड कर आणि ताईच्या फोनवर पाठव. शनिवारी जमलं तर संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने ये, मी स्टेशनवर येतो. बाजाची पेटी वर काढून, पुसून ठेवली आहे.

तुझे,
बाबा