प्लेअर घ्यायच्या आधी कपाट उघड

नागपूर,
रविवार दुपार

प्रिय बाल्या,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. "पिक्चर क्वालिटी सगळ्यात बेस्ट पाहिजे, पैशाचं नंतर पाहू" असं लिहून राहिला तू, अन् खाली ब्लू-रे प्लेअरच्या पाच मॉडेलांची यादी. फोनवर तू मला बोलूच देत नाही म्हणून बसून लिहून राहिलो. पूर्ण वाचून होईस्तोवर ऑर्डर टाकू नको बे.

काल प्रतापनगरला तुमच्या घरी गेलो होतो, हॉलचं माप घ्यायला. काका टेपचं एक टोक धरून उभे, मी दुसरं. सोफा ते भिंत नऊ फूट भरलं, तुझ्या पासष्ट इंची टीव्हीला मस्त आहे. मग पोहे खाता खाता सहज विचारलं, काकू, एवढं थिएटर होऊन राहिलं, तर तुम्ही पहिले काय पाहणार? काकू काही बोलल्या नाहीत, उठल्या, कपाट उघडलं अन् ताईच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी आणून माझ्यासमोर ठेवल्या. कपाटात तुझा जुना खजिनाही आहे, मी मोजला. डीव्हीडी त्रेसष्ट, ब्लू-रे चार, फोरके ब्लू-रे (चौपट बारीक चित्राची) एकही नाही. अन् तू भैताडासारखा डॉल्बी व्हिजन का एचडीआर टेन प्लस (फोरकेच्या उजेड-रंगाच्या दोन पद्धती) यावर रात्र रात्र जागून राहिला!

आता हिशेब कर. आपल्याकडच्या पाल पद्धतीची डीव्हीडी म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके. तुझा टीव्ही ३८४० बाय २१६०. गुणाकार करून भाग दे, बरोबर वीस पट येतं. म्हणजे डिस्कवर जिथं एक ठिपका आहे तिथं पडद्यावर वीस भरायचे, त्यातले एकोणीस कोणीतरी अंदाजानं बनवणार, एकतर प्लेअर नाहीतर टीव्ही. यालाच अपस्केलिंग म्हणतात, अन् तुझ्या कपाटासाठी खरा फरक इथंच पडतो.

लग्नाच्या डिस्कचं त्याहून अवघड. सिनेमा सेकंदाला २४ अख्ख्या चित्रांचा असतो, पण त्या काळचा लग्नाचा कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं घ्यायचा, एकदा विषम ओळी, एकदा सम. जुन्या डब्ब्या टीव्हीवर ते बरोबर दिसायचं. आताच्या टीव्हीला अर्धी-अर्धी जोडून घ्यावी लागतात अन् जोडणारा जर चुकला तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. मी एक डिस्क घरी आणली, माझ्या जुन्या ब्लू-रे प्लेअरवर लावली अन् शेजाऱ्याकडचा नवा प्लेअर आणून त्याच्यावर पण लावली. वरातीत तू नाचून राहिला ना बँडसमोर, तो सीन. नव्यावर तुझ्या हाताला दात! जुन्यावर हात साफ. मला वाटलं शेजाऱ्याचा पीसच खराब आहे. मग मेनूत शिरलो तर तिथं ऑटो, फिल्म, व्हिडिओ असे तीन पर्याय. ऑटोवर त्याला ते सिनेमा वाटून राहिलं होतं बहुतेक. व्हिडिओवर टाकलं अन् दात गायब, वर ताईच्या शालूचं जरीकाम पण जुन्यापेक्षा साफ. म्हणून म्हणतो, दुकानात त्यांचा चकचकीत डेमो पाहत उभा राहू नको, ही डिस्क सोबत नेऊन वरात लावायला सांग. दुकानदार हसेल, हसू दे.

(मी दोन्ही डिस्कची कॉपी काढून ठेवून राहिलो. स्टुडिओवाल्यानं घरी लिहिलेल्या डिस्क आहेत त्या, त्यांचा रंगाचा थर वर्षांनी खराब होतो. पेनड्राइव्ह तुझ्यासाठी ठेवतो.)

ब्लू-रेचं मात्र फार डोकं खाऊ नको. एचडीएमआयनं आकडेच जातात, त्यामुळे कोणत्याही बऱ्या प्लेअरवर १०८०पीचं चित्र उन्नीस-बीस सारखंच. फक्त २४पी आउटपुट (सेकंदाला २४ चित्रं तशीच टीव्हीला पाठवणं) चालू आहे का पाह, नाहीतर कॅमेरा हळू सरकतो तेव्हा चित्र अडखळतं, कारण २४ चित्रं ६० मध्ये बसवायला एक दोनदा अन् पुढचं तीनदा दाखवावं लागतं.

फोरके डिस्क तू पुढं घेशील हे मला माहीत आहे, तू ऐकणारा नाही. अन् घे बाप्पा, ती पाहिल्यावर स्ट्रीमिंग पाणचट वाटतं हे खरंय. तिकडं फोरकेला बहुतेक १५-२० एमबीपीएसमध्ये (सेकंदाला तेवढे मेगाबिट) भागवतात, डिस्कला १०० च्या वर जायची मुभा आहे, म्हणून अंधाराच्या सीनमध्ये आकाशाला पट्टे पडत नाहीत. तिथं प्लेअरचं एक काम आहे. डिस्क १००० नाहीतर ४००० निट्स (उजेडाचं माप) धरून बनवलेली असते अन् तुझ्या टीव्हीत तेवढा दम नसतो, तर जास्तीचा उजेड कसा दाबायचा हे कोणीतरी ठरवायला लागतं. पॅनासोनिकच्या यूबी८२० मध्ये त्यासाठी एचडीआर ऑप्टिमायझर आहे, प्रोजेक्टरवाले त्याच्यासाठीच तो घेतात. तुझ्या यादीत पहिला जो यूबी९००० आहे ना, त्यात पण चित्राचा मेंदू तोच, एचसीएक्स नावाची चिप आहे, जास्तीचे पैसे बऱ्यापैकी जड डब्बा अन् ऑडिओच्या भागाचे. तुझा आवाज ॲम्प्लिफायरमधून जाणार, मग काहून घ्यायचा?

ओप्पोच्या प्लेअरचा नाद पण सोड. त्यांनी २०१८ मध्येच प्लेअर बनवणं बंद केलं, सॅमसंगनं २०१९ मध्ये. सेकंडहँड ओप्पोला लोक अजून काहीही भाव सांगतात, पण लेन्स गेली तर सीताबर्डीत कोण उघडणार तो?

दादाकडून अमेरिकेतून मागवत असशील तर मागचा स्टिकर वाच, १२० व्होल्टचाच असला अन् तू आपल्या २३० मध्ये खुपसला तर धूर निघेल. शिवाय फोरके डिस्कला रीजन (कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते कुलूप) नसतो पण साध्या ब्लू-रेला असतो, त्यांचा ए, आपला सी. तुझ्या त्या चार फक्त सी च्या असल्या तर त्याच्यात चालणार नाहीत.

आता खोली. खरं सांगू, चित्राचं सगळ्यात जास्त वाटोळं तुमच्या हॉलमध्ये कूलरची खिडकी करून राहिली. पश्चिमेची आहे, चार वाजता त्या फटींतून जो उजेड येतो तो थेट टीव्हीवर. काका म्हणाले मे महिन्यात कूलर काढायचा नाही, अन् ते बरोबरच आहे. मग टीव्ही समोरच्या भिंतीवरून काढून बाजूच्या भिंतीवर घेऊ. तिथंही माप घेतलं, आठ फूट, चालते. प्लेअर कूलरच्या हवेच्या झोतात ठेवायचा नाही, ती ओली हवा अन् धूळ लेन्सवर बसते, माझा पहिला तसाच गेला. अन् टीव्ही भडक व्हिव्हिड मोडवरून सिनेमा मोडवर टाक, ते मोशन स्मूदिंग (मधली चित्रं बनवून हालचाल गुळगुळीत करणारं) बंद कर, याला एक रुपया लागत नाही.

तर यूबी८२० किंवा त्याच्या आसपासचा, अन् तोही वरात पास झाली तरच. उरलेल्या पैशात जाड पडदे घे. रंग काकूंना ठरवू दे, त्यांनी मला तीन वेळा बजावलंय की काळे नकोत.

दिवाळीचं तिकीट काढलं का ते कळव. इलेक्ट्रिशियनला बाजूच्या भिंतीत पॉइंट काढायचा आहे, त्याला तारीख द्यावी लागेल. अन् वरातीतला तुझा तो नागीण डान्स मी वेगळा कापून ठेवला आहे, जास्त बोललास तर ग्रुपवर टाकीन.

तुझा,
पक्या