फिरता कॅमेरा भंगारात काढण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सभागृहे, महाविद्यालये, बाजार समित्यांची आवारे येथे पंधराएक वर्षांपूर्वी बसवलेले मोटरवर फिरणारे कॅमेरे आता निर्लेखनाच्या यादीत जाऊ लागले आहेत. चित्र नीट येते, मोटर शाबूत असते, तरी शेऱ्याच्या रकान्यात कारण असते की नव्या संगणकाला सिरियल पोर्ट (कॅमेऱ्याला हुकूम पाठवण्याची तार जोडायची जुनी खाच) नाही. ही अडचण काही शे रुपयांच्या कन्व्हर्टरने सुटते. सुटत नाही तेव्हा बहुधा कन्व्हर्टर चुकीचा घेतलेला असतो, नाहीतर तारेच्या दुसऱ्या टोकाकडे कोणी पाहिलेलेच नसते.

संगणकामागचा नऊ पिनांचा पोर्ट म्हणजे आरएस-२३२. त्यातली २ नंबरची पिन ऐकते, ३ नंबरची बोलते, ५ नंबरची ग्राउंड. खांबावरचे फिरते हेड (कॅमेरा फिरवणारा मोटरचा भाग) मात्र बहुतेक वेळा आरएस-४८५ या दुसऱ्या पद्धतीवर चालते. तिथे डेटा प्लस आणि डेटा मायनस अशा दोन तारा असतात आणि संदेश त्या दोहोंतल्या व्होल्टेजच्या फरकातून जातो. २३२ चा पल्ला साधारण १५ मीटर, ४८५ चा १,२०० मीटरपर्यंत. २३२ ची तार थेट हेडला लावू नये. तिचे व्होल्टेज उणे-अधिक १५ पर्यंत जाऊ शकते, आणि ४८५ ची चिप उणे ७ ते अधिक १२ एवढ्यासाठीच बनवलेली असते. दुकानात नुसते ‘यूएसबी टू सिरियल’ मागितले की २३२ चा अडॅप्टर हाती पडतो, म्हणून ‘यूएसबी टू आरएस-४८५’ असे स्पष्ट सांगावे. कपाटातला जुना, बाहेरून वीज न लागणारा २३२-४८५ कन्व्हर्टर यूएसबी अडॅप्टरला लावून पाहण्याचा मोह होतो. तो पोर्टच्या तारांतूनच वीज ओढतो. डेस्कटॉपवर चालला तरी अडॅप्टरकडून त्याला तेवढी वीज मिळेलच असे नाही.

संगणकाला हात लावण्याआधी हेडची वीज तपासावी. बरीच हेड २४ व्होल्ट एसीवर चालतात. पाटीवर एसी लिहिले असेल तर डीसी अडॅप्टर लावू नये. वीज देताच हेड स्वतःहून एकदा डावी-उजवीकडे, वर-खाली फिरून स्थिरावते. अर्धवट फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत राहिले, तर लांब तारेत व्होल्टेज पडते आहे असे समजावे. मीटर हेडपाशी लावावा आणि मोटर फिरत असताना वाचावा. नुसत्या उभ्या हेडला २४ दिसतात आणि सगळे आलबेल वाटते. मोटर फिरताना २१-२२ च्या खाली गेले तर जाड तार किंवा जवळ ट्रान्सफॉर्मर हवा. या पहिल्या फेरीत अनेक कॅमेरे पडद्यावर पत्ता (हेडचा क्रमांक), प्रोटोकॉल (हुकमांची भाषा) आणि बॉड रेट (संदेशाचा वेग) दाखवतात. तेवढ्या पाच सेकंदांचा मोबाइलवर फोटो काढला तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

पडद्यावर काही येत नसेल तर हेडमधले डिप स्विच (छोट्या खटक्यांची ओळ) पाहावेत. त्यांची वजने १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जातात. पहिला आणि तिसरा चालू म्हणजे १ अधिक ४, पत्ता ५. स्विच बदलल्यावर वीज बंद-चालू केल्याशिवाय हेड बहुधा नवा पत्ता मानत नाही. जुन्या हेडमध्ये पेल्को-डी हा प्रोटोकॉल सर्रास सापडतो. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडायचे ते असे: वेग बहुधा २,४०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. संदेश सात बाइटचा. पत्ता १ चे हेड मध्यम वेगाने उजवीकडे फिरवायचे तर दशमान आकड्यांत २५५, १, ०, २, ३२, ०, ३५. शेवटचा ३५ म्हणजे पहिला २५५ सोडून बाकीच्यांची बेरीज. ती २५६ किंवा जास्त झाली तर २५६ ने भागून उरलेली बाकी. बेरीज चुकली तर हेड ढिम्म राहते आणि तक्रारही करत नाही. थांबवायचा संदेश २५५, १, ०, ०, ०, ०, १. तो दोन-तीनदा पाठवावा, कारण बहुतेक जोडण्यांत हेडकडून पोच येत नाही आणि एक ‘थांब’ हुकला की ते फिरतच राहते. पेल्को-पी हा याचा भाऊ, पण त्यात तारेवरचा पत्ता शून्यापासून मोजतात. सॉफ्टवेअरमध्ये १ निवडल्यावर २ नंबरचा कॅमेरा हलत असेल तर घोळ बहुधा इथेच असतो.

तरीही हेड हलले नाही तर डेटा प्लस आणि मायनस अदलाबदल करून पाहावे. ए आणि बी या अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक उलटा निघतो, आणि या अदलाबदलीने काही जळत नाही. नेटवर्कच्या केबलमधून नेले असेल तर निळी आणि निळी-पांढरी अशी एकाच पिळाची जोडी हवी. एक निळी आणि एक केशरी घेतली की पीळ वाया जातो. कॅमेरे एकामागून एक साखळीत जोडावेत, एका पेटीतून चहूकडे फांद्या काढू नयेत. १२० ओहमचा रेझिस्टर साखळीच्या फक्त दोन टोकांना लावावा. प्रत्येक हेडमधला टर्मिनेशनचा (हाच रेझिस्टर जोडणारा) स्विच ‘असू दे’ म्हणून चालू ठेवला की दूरचा कॅमेरा अधूनमधून ऐकेनासा होतो, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला जातो. त्या बिचाऱ्याचा खरा दोष निराळाच आहे: संगणक प्रत्येक सिरियल पोर्टला कॉम १, कॉम २ असा क्रमांक देतो, आणि काही जुन्या प्रोग्रामना कॉम ९ च्या पुढचे पोर्ट दिसत नाहीत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्रमांक खाली आणला की काम होते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या तोंडी विजा झाल्या की उंच खांबावरची हेड एकाएकी मुकी होतात. हेड वीजपुरवठा मिळताच फिरते पण हुकूम ऐकत नाही, अशी खूण असेल तर बहुधा ४८५ ची आठ पायांची चिप गेलेली असते. ती वडापाव-चहाच्या भावात मिळते. सोल्डरिंग करणारा हात तेवढा हवा. अशा ठिकाणी ऑप्टो-आयसोलेटेड (दोन्ही बाजूंत विजेचा थेट जोड नसलेला) कन्व्हर्टरच घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी आकाशातल्या विजेचा झटका लॅपटॉपपर्यंत पोहोचण्याचा धोका कमी होतो.

देखभाल करारात एक अट सहज घालता येईल. पत्ता, प्रोटोकॉल, बॉड रेट आणि कोणत्या रंगाची तार प्लस आहे, हे ठेकेदाराने पेटीच्या दारावर आतून लिहावे आणि जडसंग्रह नोंदवहीतही उतरवावे. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबतही, वर दिलेले सात आकडे पाठवून हेड हलले की नाही, एवढी एक ओळ मागावी.

– सीसीटीव्ही जोडणी व दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ, सांगली