नोकरी न देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नव्या शाळेच्या करारावर सही केली आणि पहिला फोन तुम्हाला लावला, तेव्हा ‘अहो, मी काय केलं त्यात, नोकरी तर दिली नाहीच’ असे म्हणून तुम्ही विषय संपवलात आणि धाकट्याची चौकशी करू लागलात. फोनवर तुमच्यापुढे माझे काही चालले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहीत आहे, कारण परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत बिऱ्हाडासह जाऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्या इतर शिक्षकांनाही कळावे की नकार असाही देता येतो.

तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी आमचे दोन हंगाम गेले होते. हंगाम हाच शब्द बरोबर आहे. ज्या शाळांचे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते, त्यांच्या जाहिराती आदल्या ऑक्टोबरपासून येऊ लागतात, जुने शिक्षक राहणार की जाणार हे डिसेंबरच्या आसपास ठरते आणि फेब्रुवारी सरेपर्यंत बऱ्याचशा चांगल्या जागा भरून गेलेल्या असतात. प्रत्येक अर्जात ‘आश्रित’ नावाचा एक रकाना असतो. त्यात मी तीन हा आकडा भरत असे : नवरा, जो शिक्षक नाही, नववीत जाणारी थोरली आणि तिसरीतला धाकटा. नवरा-बायको दोघेही शिक्षक असले की शाळेला एका घरात दोन शिक्षक मिळतात. माझ्या बाबतीत मात्र एका शिक्षिकेपायी घर, चौघांची विमानाची तिकिटे, चौघांचा आरोग्यविमा आणि दोन मुलांची फी, एवढा पसारा येतो. मी तेरा वर्षे गणित शिकवते आहे. ही बेरीज मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. बेरजेवर माझा राग कधीच नव्हता. ती पाटीखाली झाकून ठेवायची आणि मला मात्र भलतेच उत्तर सांगायचे, याचा होता.

त्या भलत्या उत्तरांचे नमुने पुष्कळ आहेत, दोनच सांगते. एका शाळेने तीन मुलाखती आणि एक नमुना पाठ घेतला, चौथ्या फेरीत ‘तुमचे यजमान तिथे नुसते घरी बसायला तयार आहेत का?’ असे विचारले आणि त्यानंतर ती शाळा जणू जगातून नाहीशी झाली. (हा प्रश्न पुरुष शिक्षकाला त्याच्या बायकोविषयी इतक्या काळजीने विचारतात का, हे मी बऱ्याच सहकाऱ्यांना विचारून पाहिले. नाही विचारत.) दुसऱ्या शाळेने तोंडी होकार दिला, अभिनंदनही केले. मग आम्ही धाकट्याच्या वाचनाच्या अडचणीचा, म्हणजे डिस्लेक्सियाचा, चौदा पानी अहवाल पाठवला आणि चार दिवसांत त्याच्या इयत्तेतल्या सगळ्या जागा भरल्याचे कळवण्यात आले. त्याच संध्याकाळी त्यांच्या संकेतस्थळावर त्याच इयत्तेचे प्रवेश सुरू असल्याचे दिसत होते.

नोकऱ्या मिळवून देणारा एक मध्यस्थ तेव्हा आम्हाला म्हणाला, की हा अहवाल जोडूच नका, एकदा तिथे पोहोचलात की मग सांगा. आज कबूल करते, त्या रात्री आम्ही दोघांनी तसेच करायचे ठरवले होते. धाकटा आत झोपला होता आणि आम्ही बाहेर बसून त्याच्याविषयीचा एक खरा कागद कसा दडवायचा याचा विचार करत होतो. तुमच्या शाळेचा अर्ज त्याच्या आदल्या दिवशी गेला होता, एवढ्याच योगायोगाने तो अहवाल तुमच्या हाती पडला.

आता त्या मुलाखतीविषयी. वर्गसमीकरणांची ओळख मी सूत्राने का करून देत नाही, चौरसाच्या आकृतीने का करते, असे तुम्ही विचारलेत आणि मी उत्साहाने सांगू लागले. पण तुमची मान खाली होती आणि कात्रीचा आवाज येत होता. मला वाटले, झाले, ही आणखी एक. हिचेही मन दुसरीकडेच आहे. माझे बोलणे संपल्यावर तुम्ही त्या आकृतीवरच दोन नेमके प्रश्न विचारलेत, तेव्हा मी जरा चपापले. मग म्हणालात, ‘मुलगा घरात असला तर दोन मिनिटं बोलावता का?’ तो दाराआडच होता. तो समोर आल्यावर तुम्ही मराठीत बोलू लागलात आणि कॅमेऱ्यापुढे एक वस्तू धरलीत : जुन्या फायलीच्या पुठ्ठ्याची वीतभर पट्टी, तिच्या मधोमध कापलेली एक अरुंद खिडकी. ‘नवव्या पानावर लिहिलंय, वाचताना तुझी ओळ हरवते. माझ्या वर्गातली एक मुलगी असली पट्टी वापरते. तू वापरतोस का रे?’

तो काहीच न बोलता पळाला. मला वाटले, लाजला. दप्तरातून आपली पट्टी घेऊन तो परत आला. कडा मळलेल्या, एक कोपरा दातांनी चावलेला. शाळेत ही पट्टी तो कधी कुणासमोर काढत नसे, पुस्तकाखाली लपवून ठेवत असे. ती त्याने पडद्यासमोर तुमच्या पट्टीशेजारी धरली आणि गंभीरपणे सांगितले, ‘बाई, तुमची खिडकी मोठी झालीय, त्यातून दोन ओळी दिसतील.’ तुम्ही म्हणालात, ‘बरोबर आहे. तुझी चांगली आहे, माझी चुकली.’

बाई, चौदा पाने आम्ही कितीतरी ठिकाणी पाठवली असतील. नवव्या पानापर्यंत गेलेल्या तुम्ही पहिल्या. आमच्या मुलाला मोठ्या माणसांनी वाचनाच्या बाबतीत ‘तुझे बरोबर, माझे चुकले’ असे म्हटल्याचेही मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नकार दिलात. मेल पाठवून मोकळ्या झाला नाहीत, स्वतः फोन केलात. तुमचे शब्द मी नंतर लिहून ठेवले आहेत : ‘आमच्याकडे अशा मुलांना मदत करणाऱ्या शिक्षिका फक्त पाचवीपर्यंतच आहेत. तुम्हाला घेतलं तर माझा गणिताचा प्रश्न आज सुटेल, पण दोन वर्षांनी तुमच्या मुलाचा प्रश्न माझ्या शाळेनं तयार केलेला असेल.’ एका दमात कारण सांगितलेत आणि गप्प राहिलात, मला रडायला जेवढा वेळ लागला तेवढा. हवी असलेली शिक्षिका समोर असताना, जागा रिकामी असताना, त्या शिक्षिकेच्या मुलासाठी स्वतःची गैरसोय पत्करणारे कुणी असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्याच फोनवर तुम्ही आम्हाला एक गोष्ट दाखवलीत, जी आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. पहिला हंगाम वाया गेला म्हणून आम्ही हळहळत होतो. तुम्ही म्हणालात, थोरली नववीत असताना न्या; दोन वर्षांचा करार म्हणजे तिची नववी-दहावी, तो वाढवला की अकरावी-बारावी. दहावीत नेलीत, तर करार संपेल तेव्हा ती अकरावी झालेली असेल, म्हणजे दोन वर्षांच्या आयबी डिप्लोमाच्या (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या संस्थेच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमाच्या) ऐन मध्यावर, आणि तिथे शाळा बदलणे फार जड जाते, कारण तिचे विषय पुढच्या शाळेत मिळतीलच याची खात्री नसते. आम्ही करार पाहत होतो आणि मुलीची इयत्ता पाहत होतो, पण दोन्ही एकाखाली एक मांडून पाहिल्या नव्हत्या. गणिताच्या शिक्षिकेने हे लिहावे लागणे ही नामुष्कीच आहे, पण लिहिते.

तुम्ही मग दुसऱ्या शाळेतल्या तुमच्या परिचितांना लिहिलेत, त्यांच्याकडे वाचनाला मदत करणारे शिक्षक बारावीपर्यंत आहेत म्हणून. पुढचा पदव्यांच्या प्रतींचा, विवाहाच्या व जन्माच्या दाखल्यांचा, अपोस्टिलच्या, म्हणजे आपले दाखले परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या, शिक्क्यांचा आणि पोलिसांच्या दाखल्यांचा व्याप ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी केलेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. तुम्ही दिलेले तीन प्रश्न मात्र इथे लिहून ठेवते, कारण ते इतरांच्याही कामी येतील. दोन्ही मुलांची फी करारात स्पष्ट लिहिली आहे, की ‘जागा असल्यास’ एवढेच म्हटले आहे? धाकट्याला मदत कोण करणार, धोरण नव्हे, माणूस कोण? आणि आश्रिताच्या व्हिसावर नवऱ्याला काम करता येते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्हाला लेखी मिळाली. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. पण ते सही करण्याआधी आले, म्हणून आम्ही चौघांनी बसून ते पचवले आणि तरीही जायचे ठरवले.

एक विसंगती मला राहून राहून खटकते. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ साली निघाली, ती राष्ट्रसंघात आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरीला आलेल्यांच्या मुलांना कुठे शिकवायचे, या अडचणीतून. १९६८ साली आयबीची स्थापना झाली, तीही देशोदेशी फिरणाऱ्या मुलांचे विद्यापीठाचे दार बंद होऊ नये, या विचाराने. म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा जन्मच मुळी आईवडिलांच्या नोकरीमागे परक्या देशात गेलेल्या मुलांसाठी झाला, आणि आज त्याच व्यवस्थेत शिकवायला जाणाऱ्या आईची मुले आश्रितांच्या रकान्यातला एक आकडा होऊन बसली आहेत. शिक्षक मुलांशी कसे वागत आले आहेत याची तपासणी या शाळा आता फार काटेकोरपणे करतात. २०१४ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी एकत्र येऊन एक कृतिदलही स्थापन केले. ते योग्यच आहे आणि माझे सगळे दाखले मी आनंदाने दिले. शिक्षकांच्या मुलांशी शाळा कशा वागतात, याचीही कुणी एकदा चौकशी करावी, एवढेच मनात येते.

सभ्यपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ गोड बोलणे असा घेतला जातो. मला नाकारणारे जवळपास सगळेच गोड बोलत होते. ‘तुमची माहिती आमच्याकडे जपून ठेवू’ हे वाक्य इतक्या जणांनी पाठवले की ती माहिती आता पुष्कळच सुरक्षित असावी. तुम्ही त्या फोनवर मुळीच गोड बोलला नाहीत. दिलासा दिला नाहीत, माझ्या पात्रतेची स्तुती केली नाहीत. जे होते ते सांगितलेत आणि फोन ठेवण्याआधी विचारलेत, की हे मुलाला तुम्ही काय म्हणून सांगणार आहात? त्याच्यामुळे आईची नोकरी गेली असे त्याला वाटता कामा नये, असे तुम्हीच म्हणालात. शेवटी आम्ही त्याला सांगितले, की त्या शाळेत पाचवीनंतर पट्टीवाल्या बाई नाहीत, म्हणून बाईंनीच दुसरी शाळा शोधायला सांगितली आहे. त्याला ते अगदी पटले.

नव्या शाळेतल्या त्याच्या शिक्षिका करारापूर्वी त्याच्याशी चाळीस मिनिटे बोलल्या. बोलणे सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांतच त्याने आपण होऊन पट्टी काढून त्यांना दाखवली. मी शेजारच्या खोलीत होते, मला नुसता दप्तराच्या चेनचा आवाज ऐकू आला.

सध्या सामानाची बांधाबांध चालू आहे. प्रत्येक मुलाला एक पेटी दिली आहे आणि थोरलीची भरूनही झाली. धाकट्याने मात्र काल दिवसभर पुठ्ठा, फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन ठाण मांडले होते. तुमची पट्टी चुकीची कापली गेली हे तो विसरलेला नाही. तो तुमच्यासाठी नवी करून टपालाने पाठवणार आहे. पण मापाशिवाय खिडकी कापायची नाही, असे त्याचे म्हणणे आहे. तेव्हा तुम्ही हल्ली जे पुस्तक वाचत असाल, त्यातली एक ओळ किती मिलिमीटर उंचीची आहे, तेवढे मोजून सवडीने कळवावे.

आपली कृतज्ञ,
गणिताची एक शिक्षिका