काढले किती, यापेक्षा उरले किती?

माननीय संपादक,
स. न.

गोदावरीतील पाणवेल (जलपर्णी) काढण्याची मोहीम सुरू झाली की ती किती टन काढली, याचे आकडे छापून येतात. त्या आकड्यांवर समाधान मानण्यापूर्वी कॅलिफोर्नियातील एका खेकड्याची हकीकत नाशिककरांनी जाणून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हिरवा खेकडा जहाजांबरोबर जगभर पसरला आणि १९८९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आढळला. शिंपले-कालवांचा तो फडशा पाडतो. पण त्याचे खरे बळ त्याच्या जीवनचक्रात आहे. आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरांतील खेकड्याची मादी पावसाळ्यात उलटी करून पाहिली, तर पोटाखालच्या झडपेत ज्वारीच्या दाण्याएवढी, पण नांग्यांसकट पुरती घडलेली पिल्ले दिसतात. तिची अंडी थोडी आणि पिल्ले आईजवळच राहणारी. हिरव्या खेकड्याची मादी मात्र एका वेळी १,८५,००० पर्यंत अंडी बाळगते. त्यांतून निघणारी अळी खेकड्यासारखी मुळीच दिसत नाही. टपोरे डोळे आणि पाठीवर लांब काटा असलेला तो सूक्ष्म जीव रात्रीच्या ओहोटीबरोबर खाडीतून समुद्रात जातो, तिथे काही आठवडे तरंगत चार वेळा कात टाकतो, मग भरतीच्या पाण्याबरोबर पुन्हा खाडीत शिरतो आणि तळाशी बसून पुढची कात टाकल्यावरच खेकडा होतो. म्हणजे एका खाडीतले खेकडे वेचले, तरी पुढची पिढी दुसऱ्याच खाडीतून येऊ शकते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील सीड्रिफ्ट या खाजणात २००९ पासून संशोधक व स्वयंसेवकांनी सापळे लावून हे खेकडे काढले. सुमारे १,२५,००० ची संख्या २०१३ पर्यंत १०,००० च्या खाली आली. कोणालाही हे यशच वाटले असते. परंतु २०१४ मध्ये ती ३,००,००० च्या आसपास गेली. मोठे खेकडे स्वतःच्याच जातीची पिल्ले खातात. सापळ्यांनी नेमके हे मोठे खेकडे नेले आणि पिल्लांना मोकळे रान मिळाले. त्यानंतर संशोधकांनी समूळ उच्चाटनाचा हट्ट सोडला आणि खेकड्यांची संख्या नुकसान होणार नाही इतकी कमी राखण्याचे धोरण स्वीकारले.

पाणवेल वनस्पती आहे, ती आपली पिल्ले खात नाही, हे उघड आहे. पण तिच्या जीवनचक्राकडे आपणही असेच दुर्लक्ष करतो. तिला आडव्या फुटव्यांतून नवी रोपे येतात आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. दसक-पंचकपासून सायखेडा-चांदोरीपर्यंत वेल काढायची, तिचे ढीग काठावरच सोडायचे आणि पावसाळ्यात पुराने ते पुन्हा पात्रात न्यायचे, अशाने खाली नांदूरमध्यमेश्वरच्या रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या) पाणथळीत ती पोहोचणारच.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नदीवर मोठा खर्च होणार आहे. तेव्हा वेल फुलण्याआधी आणि वरच्या अंगापासून काढावी, काढलेली वेल त्याच दिवशी पूररेषेबाहेर न्यावी, सांडपाण्यातून तिला मिळणारे खत थांबवावे, आणि दर महिन्याला नदीचा किती भाग वेलीखाली उरला आहे तो आकडा प्रसिद्ध करावा, अशी माझी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, नाशिक